उंचावलेल्या हाताची भाषा

पांढुर्ण्याच्या किंवा सौंसरच्या बाजारात तसबिरी विकणाऱ्याच्या दुकानापुढे क्षणभर थांबले तर एक गोष्ट सहज ध्यानी येते. काचेमागच्या बहुतेक देवादिकांचा आणि साधुसंतांचा उजवा हात वर उचललेला असतो. चतुर्भुज लक्ष्मीचा एक हात असतो, शिर्डीच्या साईबाबांचा असतो, गुरू नानकांचा असतो. आणि त्याच रांगेत, कोपऱ्यात का होईना, येशू ख्रिस्ताची तसबीर असली तर तिच्यातही तो असतोच. आपल्या घरची माणसे या साऱ्या हातांचा अर्थ एकच लावतात : देव आशीर्वाद देत आहे. ही रीत प्रेमळ आहे आणि शेजारधर्माच्या दृष्टीने तिच्यात वावगे काहीच नाही. परंतु चित्र वाचावयाचे म्हटले म्हणजे नुसते प्रेम पुरत नाही, थोडे निरखावेही लागते.

निरखून पाहिले तर फरक बोटांत आहे. लक्ष्मीचा तळवा पुरता उघडा असतो, पाचही बोटे सरळ. ख्रिस्ताच्या हाताचे तसे नाही. अंगठा, तर्जनी आणि मध्यमा उभी आहेत. अनामिका आणि करंगळी तळव्याकडे वळली आहेत. छापणाऱ्याने घाईत बोटे वाकडी काढली असावीत असे कोणास वाटेल, पण तसे नव्हे. त्या दोन वळलेल्या बोटांना सुमारे दोन हजार वर्षांचा इतिहास आहे, आणि या महिन्यात त्याविषयीच चार शब्द लिहावेत असे आम्ही योजिले आहे.

आमच्या भागात ख्रिस्ती समाज संख्येने थोडा. स्वीडनहून आलेल्या लूथरपंथी मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात या मुलखात काम आरंभले आणि त्या परंपरेतील मध्य प्रदेशच्या लूथरन चर्चचे मुख्य ठाणे आजही छिंदवाड्यास आहे. शाळा-दवाखान्यांच्या निमित्ताने या मंडळींची आणि आपली ओळख जुनी; त्यांच्या चित्रांची ओळख मात्र कॅलेंडरापलीकडे फारशी गेली नाही. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून निराळा जिल्हा झाला तरी या बाबतीत काही बदलले आहे असे नाही.

तर तो हात मूळचा देवाचाही नाही आणि पुरोहिताचाही नाही. तो वक्त्याचा आहे. प्राचीन रोममध्ये वक्तृत्व हे रीतसर शिकण्याचे शास्त्र होते. पहिल्या शतकातील क्विंटिलियन या आचार्याने वक्तृत्वावरील आपल्या ग्रंथाच्या अकराव्या भागात हाताच्या हालचालींचा एवढा बारकाईने विचार केला आहे की वाचताना आपल्या नाट्यशास्त्रातील हस्ताभिनयाची आठवण व्हावी. दुसऱ्या शतकातील अपुलेयस या लेखकाच्या कादंबरीत एक पात्र मेजवानीच्या वेळी गोष्ट सांगावयास सरसावते, तेव्हा ते वक्त्याप्रमाणे उजवा हात पुढे करते : शेवटची दोन बोटे मिटलेली, बाकीची ताठ. हाच तो हात. त्याचा अर्थ एवढाच, की ऐका, मी बोलणार आहे. पुढे रोमन कारागिरांनी दगडी शवपेटिकांवर ख्रिस्त कोरावयास घेतला तेव्हा शिकवणाऱ्या ख्रिस्ताला त्यांनी आपल्या परिचयाचा हा बोलणारा हात दिला. आशीर्वादाचा अर्थ त्यावर नंतर चढला; वेदीपुढचे पुरोहित आशीर्वाद देताना तोच हात उचलू लागले आणि हळूहळू वक्ता मागे पडला.

आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर ज्याला आपण अभयमुद्रा समजतो ती वस्तुतः व्याख्यानमुद्रा आहे. हा भेद आपणांस नवा नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत धर्मचक्रप्रवर्तन करणारा बुद्ध आणि अभय देणारा बुद्ध यांचे हात निरनिराळे असतात. दक्षिणामूर्ती शिवाच्या उजव्या हाताची तर्जनी अंगठ्याला टेकलेली असते, कारण तो वर देत नसून शिकवीत आहे. फार लांब कशाला, रंगात आलेल्या कीर्तनकाराचा उजवा हात आठवावा. तो आशीर्वाद देत नाही, मुद्दा मांडतो; आणि श्रोत्यांना ते न सांगता कळते.

याचा पडताळा ख्रिस्ती चित्रांतच मिळतो. गाब्रिएल देवदूत मरीयेकडे येऊन तिला पुत्र होणार असल्याचे सांगतो, हा प्रसंग युरोपच्या चित्रकारांनी असंख्य वेळा रंगविला. त्यांतील कितीतरी चित्रांत देवदूताचा उजवा हात अगदी याच रीतीने वर झालेला दिसतो. देवदूत मरीयेला आशीर्वाद देत नाही. तो तिच्यापुढे नम्र आहे, कित्येकदा गुडघा टेकलेला आहे. तो निरोप सांगतो आहे. मौन चित्रात ‘हा बोलतो आहे’ हे दाखवावे कसे? तोंड उघडे काढले तर चित्र विद्रूप होते. म्हणून बोलण्याचे काम हाताकडे दिले.

आणि मरीयेचे हात ऐकण्याचे काम करतात. पंधराव्या शतकात इटलीत फ्रा रोबेर्तो नावाचा एक लोकप्रिय प्रवचनकार होता. त्याने या प्रसंगी मरीयेच्या मनाच्या पाच अवस्था सांगितल्या : प्रथम गडबडून जाणे, मग विचारात पडणे, मग प्रश्न विचारणे, मग शरण जाणे आणि शेवटी पुण्यवती होणे. कलेतिहासकार मायकेल बॅक्सँडॉल यांनी १९७२ साली हे प्रवचन त्या काळच्या चित्रांशेजारी ठेवून दाखविले, आणि चित्रे एकाएकी वाचता येऊ लागली. फ्लोरेन्सच्या सान मार्को मठात फ्रा अँजेलिकोने काढलेली मरीया दोन्ही हात छातीशी आडवे घेऊन किंचित वाकली आहे; ती शरण गेली आहे. बोत्तिचेल्लीच्या १४८९-९० च्या सुमारच्या चित्रातील मरीया मात्र पुढे आलेल्या देवदूताला थोपवावे तसे दोन्ही हात करते आणि अंग मागे घेते. ती अजून पहिल्या अवस्थेत आहे. त्या काळच्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावे लागत नसे. आपल्याकडे बाईने हनुवटीला बोट लावले की ‘अगंबाई!’ हा शब्द उच्चारावा लागत नाही, तसेच ते.

पूर्वेकडील ग्रीक परंपरेत या बोटांची निराळीच कथा झाली. तेथे येशू ख्रिस्त या नावाची आद्य आणि अंत्य ग्रीक अक्षरे बोटांतून उमटतात असे मानतात. तर्जनी सरळ, म्हणजे एक उभी रेघ, मध्यमा वाकलेली, अनामिका आणि अंगठा यांची फुली, करंगळी पुन्हा वाकलेली. अशी चार अक्षरे मिळून नाव झाले. अठराव्या शतकात फूर्ना गावच्या डायोनिसियस या साधूने चित्रकारांसाठी जी मार्गदर्शिका लिहिली तीत ही बोटे कशी काढावीत हे सांगून, विधात्याने माणसाच्या हाताची बोटेच या नावासाठी घडविली असा भावही व्यक्त केला आहे. आम्हांस ही कल्पना मोठी गोड वाटते; पण ती बोटांच्या मागून आली, बोटे तिच्यामागून नव्हेत.

यावर हसण्याचे आपल्याला कारण नाही. आपल्या पंढरीच्या विठ्ठलाचे दोन्ही हात कमरेवर आहेत. परक्या मुलखातील माणसास ती ऐट वाटेल, त्रासिकपणा वाटेल, फार तर वाट पाहणे वाटेल. आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या पांडुरंगाष्टकात मात्र त्याचा अर्थ असा दिला आहे की भक्तांसाठी भवसागर एवढाच, कमरेइतकाच खोल आहे, हे देव हातांनी दाखवीत आहे. हा अर्थ एकदा कळला की मूर्ती पुन्हा पूर्वीसारखी दिसत नाही. सौंसरजवळच्या जामसावळीला जो नवखा माणूस प्रथमच जातो त्याला हनुमंताची आडवी मूर्ती पाहून चुकल्यासारखे होते, कारण मारुती म्हटला की उभा, गदा घेतलेला, पर्वत उचललेला. तिथल्या भाविकास त्यात विचित्र असे काही दिसतच नाही. त्याच्या लेखी मारुतीने निजावे हेच स्वाभाविक. मुद्रेचा अर्थ अर्धा मूर्तीत असतो आणि अर्धा गावात.

मात्र अर्थ गोड असतो तोवर ठीक. तो कायदा झाला म्हणजे काय होते याचे उदाहरण रशियात घडले. तेथील भाविक छातीवर क्रुसाची खूण करताना दोन बोटे जुळवून धरीत. १६५३ साली निकोन या धर्माधिपतीने ग्रीक प्रथेस अनुसरून तीन बोटे जुळवावीत असा हुकूम काढला. एका बोटाचा फरक! पण त्या दोन बोटांत ख्रिस्ताचे देवपण आणि माणूसपण पाहणाऱ्यांना तो आपल्या बापजाद्यांच्या श्रद्धेवरचा घाला वाटला. १६६६-६७ च्या धर्मसभेने जुन्या रीतीला चिकटून राहणाऱ्यांना बहिष्कृत केले. त्यांचा पुढारी अव्वाकूम याला १६८२ साली जाळण्यात आले. फियोदोसिया मोरोझोवा ही बड्या घराण्यातील स्त्री १६७५ साली कैदेत अन्नावाचून मेली. वासिली सुरिकोव या चित्रकाराने १८८७ साली तिचे जे प्रचंड चित्र पुरे केले ते मॉस्कोच्या त्रेत्याकोव संग्रहालयात आहे. बर्फातून ओढत नेलेल्या घसरगाडीत बेड्या घातलेली ती बाई बसली आहे, भोवती गर्दी आहे, काही हसताहेत, काही रडताहेत, आणि तिने उजवा हात उंच केला आहे : दोन बोटे, ताठ. गर्दीत बर्फावर बसलेला एक अनवाणी वेडा फकीर तिला तशाच दोन बोटांनी उत्तर देतो. रशियन धर्मसभेने तो जुना बहिष्कार मागे घेतला तेव्हा १९७१ साल उजाडले होते. तीनशे वर्षांहून अधिक काळ लोटला होता आणि प्रश्न एका बोटाचा होता.

आता दुसऱ्या एका मुद्रेकडे वळू, कारण तिच्याविषयी आपल्या लोकांत एक ठाम समजूत आहे. ख्रिस्ती चित्रांत हात जोडून प्रार्थना करणारी माणसे पाहिली की आपण म्हणतो, हा तर आपला नमस्कार. परंतु आरंभीचे ख्रिस्ती लोक हात जोडून प्रार्थना करीत असल्याचे त्यांच्या चित्रांत दिसत नाही. रोममधील प्रिसिल्लाच्या भुयारी दफनभूमीत तिसऱ्या शतकातील एका बुरखाधारी स्त्रीचे चित्र आहे. ती उभी आहे, दोन्ही बाहू पसरून वर उचललेले, तळवे उघडे. मागण्याचीही तीच मुद्रा आणि स्वीकारण्याचीही. (मराठीत ‘हात वर करणे’ म्हणजे अंग काढून घेणे, त्या बाईला हे कोणी सांगू नये!) कॅथलिक धर्मगुरू वेदीपाशी आजही हात असे पसरतात. तळवे जोडून प्रार्थना करण्याची रीत युरोपात मध्ययुगात रूढ झाली, आणि तिचे मूळ दरबारात असावे असे अनेक इतिहासकार मानतात. सरदार आपल्या स्वामीपुढे गुडघे टेकून जोडलेले तळवे त्याच्या दोन्ही हातांमध्ये देई, म्हणजे आपण त्याचा झाल्याचे कबूल करी. तीच निष्ठा माणसाने देवाला वाहिली. कॅथलिक धर्मगुरूला दीक्षा देताना तो आपले जोडलेले हात बिशपच्या हातांत ठेवून आज्ञापालनाचे वचन देतो, त्यात ती जुनी दरबारी रीत अजून जिवंत आहे. अल्ब्रेख्त ड्यूररने १५०८ साली निळ्या कागदावर काढलेले प्रार्थनेचे दोन हात आज घरोघर छापून लागलेले दिसतात, त्यांची वंशावळ ही अशी आहे.

आपल्या मध्य प्रदेशातील सांचीच्या तोरणांवर इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेले उपासक हात जोडून उभे आहेत. म्हणजे त्या युरोपीय सरदारांपूर्वी हजार वर्षे. एकाने दुसऱ्याचे उचलले असे मानण्याचे कारण नाही. दोन मुलखांत दोन निरनिराळ्या वाटांनी हात एकत्र आले. फरकही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. युरोपातील तो हात चाकराने धन्यापुढे जोडला. आपला नमस्कार देवालाही होतो, पाहुण्यालाही होतो आणि व्याह्यालाही होतो, आणि समोरचा उलट नमस्कार करतो तेव्हा कोण धनी आणि कोण चाकर हे उरतच नाही.

हात तोच आणि अर्थ निराळा, हे आम्हा सीमेवरच्या माणसांना कोणी शिकवावयास नको. येशूला शिक्षा ठोठावताना पिलात या रोमन सुभेदाराने लोकांसमक्ष पाण्याने हात धुतले आणि या रक्ताचा दोष माझ्याकडे नाही असे दर्शविले. हे दृश्यही चित्रकारांच्या आवडीचे. मराठी माणूस मात्र ‘हात धुऊन मागे लागला’ म्हणतो तेव्हा अगदी उलट, पिच्छा न सोडणारा माणूस त्याच्या डोळ्यांपुढे असतो. आपला हिंदी शेजारी एखाद्या वस्तूला ‘हाथ धो बैठा’ म्हणतो तेव्हा ती वस्तू गेली असे समजावे. पांढुर्ण्याच्या एकाच दुकानात या दोन्ही भाषा चालतात, आणि पिलाताचे चित्र तेथे लावले तर त्या एका हात धुण्याला तीन अर्थ होतील.

असे परके हात आपल्या मातीत आले तेव्हा काय झाले हे गोव्यात पाहावे. सतराव्या शतकात गोव्याच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी ‘उत्तम मेंढपाळ’ म्हणून बालख्रिस्ताच्या लहान मूर्ती घडविल्या. आज त्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयापर्यंत पोहोचल्या आहेत. उंच डोंगरवजा बैठकीवर बाळ येशू बसला आहे. खांद्यावर मेंढरू, मांडीवर मेंढरू, डोळे मिटलेले, पाय एकमेकांवर आलेले, आणि उजव्या हातावर गाल टेकलेला. हा हात बोलत नाही, आशीर्वाद देत नाही. युरोपच्या चित्रांत गालावरचा हात दुःखाचा किंवा चिंतेचा असतो; येशूजन्माच्या पूर्वेकडील चित्रांत बिचारा योसेफ कोपऱ्यात असाच हात लावून बसलेला असतो. आपल्याकडेही घरात कोणी गालाला हात लावून बसले की वडीलधारी माणसे ‘असे बसू नये’ म्हणून रागावतात. परंतु या हस्तिदंती बाळाच्या चेहऱ्यावर चिंता नाही. तेथे ध्यानस्थ बुद्धाची शांती आहे असे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे, आणि मूर्तीसमोर उभे राहिले की ते पटते. ज्या कारागिरांनी ती घडविली त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांना कोणी जाबही विचारला नसावा, कारण बदल इतका हळुवार होता.

विसाव्या शतकात आंजेलो दा फोन्सेका या चित्रकाराला मात्र जाब विचारला गेला. १९०२ साली गोव्यातील सांतु इस्तेव्ह बेटावर त्यांचा जन्म झाला. त्यांनी बंगालची वाट धरली आणि अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्याकडे शिक्षण घेतले. हे नंदलाल बोस तरुणपणी अजिंठ्याची भित्तिचित्रे उतरवून घेण्याच्या कामावर गेले होते. बंगाली शैलीतील लांबसडक, कमलदलासारखी बोटे अजिंठ्याची लेकरे आहेत. ती विद्या घेऊन फोन्सेका परतले आणि त्यांनी मरीया साडीत रंगविली, चेहरा इथल्या बाईचा ठेवला. गोव्यातील प्रतिष्ठित मंडळींना आणि काही धर्मगुरूंना ते सोसले नाही. साडी नेसलेली, अनवाणी बाई ही देवमाता कशी? इटलीच्या चित्रकारांनी मरीयेला आपल्या गावच्या बायकांचा पोशाख चढविला होता आणि पॅलेस्टाईनच्या त्या गरीब मुलीने असले रेशीम कधी पाहिलेही नसेल, हे कोणाच्या मनात आले नाही. फोन्सेकांनी गोवा सोडला. पुण्यास शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना आसरा दिला. आश्रम अँग्लिकन पंथाचा, फोन्सेका कॅथलिक. तरीही तेथे राहून ते रंगवीत राहिले. १९६७ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज गोव्यात पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. ज्या भूमीने त्यांना दूर केले तेथेच तो परत गेला.

त्यांच्या मृत्यूनंतर, एप्रिल १९६९ मध्ये, भारतातील बिशपांनी पाठविलेल्या बारा सूचनांना रोमने संमती दिली. त्यांतील कितीतरी सूचना हातांविषयी आहेत. गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकून प्रणाम करावा. शांतीची देवाणघेवाण नमस्काराने करावी. प्रसंगी पंचांग प्रणामही करावा. याला विरोध झाला, आणि तोही बहुतांशी ख्रिस्ती समाजातूनच झाला; ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गुडघे टेकले त्यांना हे परके वाटले, आणि त्यांचे दुःख आम्हांस समजू शकते. तरी पुष्कळ चर्चांत नमस्कार रुळला. त्याच बारांत आणखी एक सूचना आहे. पवित्र वस्तूचे चुंबन घेण्याची युरोपीय रीत सोडून तीऐवजी वस्तूला बोटांनी स्पर्श करावा आणि ती बोटे डोळ्यांना किंवा कपाळाला लावावीत. पुस्तकाला चुकून पाय लागला की आपल्या घरचे तीन वर्षांचे पोर जे करते, ते हेच.